तिसरी तार

हेअर लॉ, वेअरडेल
१२ जानेवारी

ब्रायनी,

काल तू बोलणं तोडलंस की लाइननं तोडलं, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या पडद्यावर तू अर्धं तोंड उघडं ठेवून थिजलीस, एक डोळा मिटलेला, आणि मी वेड्यासारखा त्या चित्राशी बोलत बसलो. शेवटचं ऐकू आलं ते एवढंच: "जोस, तू नेहमीच असा गप्प..."

मी गप्प नव्हतो. मी ओरडत होतो. इतका की पलीकडच्या खोलीतून बाबा म्हणाले, "स्वीडन लांब आहे खरं, पण तू असाच ओरडत राहिलास तर आवाज फोनशिवाय पोचेल."

म्हणून हे पत्र. मी लिहिताना कमी भांडतो असं तूच एकदा म्हणाली होतीस.

तुला आमच्याकडची लाइन काय आहे ते सांगतो. गावातून निघालेली तांब्याची तार खांबाखांबावरून ओढ्याच्या कडेकडेनं वर येते आणि शेवटच्या खांबावरून आमच्या घरात शिरते. त्यापुढे घर नाही, नुसता माळ आणि मेंढ्या. इंटरनेट त्याच तारेतून येतं. येतं म्हणजे खुरडत येतं. तुझा चेहरा उप्सालाहून गावापर्यंत बहुतेक धडधाकट येत असेल. शेवटच्या चार मैलांत त्याचे तुकडे होतात. मोबाइल तर आमच्या खोऱ्यात नुसता घड्याळ म्हणून वापरतात.

तुझा प्रोफेसर तुला मातीच्या संशोधनासाठी आणखी दोन वर्षं तिथेच ठेवून घेणार, आणि मार्चअखेर तुला त्याला हो की नाही सांगायचंय, इतकं मला तुकड्यातुकड्यांतून कळलं. माझं एकच मागणं आहे. एकदा, न तुटता, पुरं बोलू. मग तुला जे म्हणायचं ते म्हण. तोवर त्याला शब्द देऊ नकोस.

परीक्षेच्या हॉलमधून पेपर फाडून बाहेर आलो तेव्हा तू जिन्यात उभी होतीस. "आता काय?" म्हणालीस. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बापाच्या मेंढ्यांमागे हिंडताना अजूनही सापडलेलं नाही. पण त्याआधी दोन वर्षं विजेचंच शिकलो ना? एवढी एक तार मला सुधारता येऊ नये?

जोस

९ फेब्रुवारी

ब्रायनी,

तुझं पत्र आलं. एका पानाचं. मी तक्रार करत नाही, फक्त सांगतो.

फोन कंपनीच्या मदत केंद्रातली शनेल नावाची बाई आता मला आवाजावरून ओळखते. पहिल्या दिवशी तिनं राउटर बंद करून चालू करायला लावला. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी जे बोललो ते इथे लिहीत नाही; तिनं मला थंड पाणी पिऊन यायला सांगितलं आणि खरोखर लाइनवर थांबून राहिली. मग म्हणाली, घरातल्या प्रत्येक फोनला फिल्टर लावलाय का बघा. म्हणजे ती छोटी पांढरी डबी, बोलणं आणि इंटरनेट वेगळं ठेवणारी. बाबांच्या पलंगाशेजारच्या फोनला नव्हती. लावली. तुझ्या चित्राला त्यानं काही फरक पडला नाही, ते मागच्या रविवारी तूही पाहिलंस.

मग मी नुसता फोन कानाला लावून ऐकत बसलो. कंपनीचा एक नंबर आहे, तो फिरवला की लाइन अगदी शांत होते आणि तिच्यात काय खरखरतंय ते ऐकू येतं. ऐकू आलं: टिक. थांबून पुन्हा टिक. घड्याळासारखं. ते कुठलं, हे कळायला मला कॉलेजची गरज नव्हती. खालच्या मिसेस पीअर्टनं तट्टांच्या कुरणाला विजेचं कुंपण घातलंय, आणि ते आमच्या खांबांच्या बुडातून जातं.

तिच्याकडे गेलो. नीट बोलायचं ठरवून गेलो होतो, शपथेवर सांगतो. ती दारातच म्हणाली, "पोरा, माझ्या तट्टांपायी तुझी प्रेमपत्रं अडकली म्हणतोस?" आणि हसली. मी सरळ कुरणात जाऊन कुंपणाची बॅटरी सोडवली. दोन्ही तट्टं संध्याकाळपर्यंत गावच्या चर्चच्या दारात उभी.

ती बाबांनी धरून आणली. मिसेस पीअर्टकडे खारवलेल्या मांसाची अख्खी तंगडी घेऊन माफी मागायलाही तेच गेले. मला काही बोलले नाहीत. आई गेल्यापासून ते माझ्याशी रागावून बोलतच नाहीत, जणू रागवायचं खातं तिच्याकडे होतं. नुसतं एवढं म्हणाले, "कुंपणाच्या तारेवर गवत टेकून ठिणगी उडत होती, ते बाईनं काढलंय. आता ऐक." ऐकलं. टिक गेली होती. वेग मात्र तेवढाच.

तू लिहिलंस की माझा बाप मला चांगला वाटतो का ते मी कधी सांगत नाही. काय सांगू? सकाळी माळावर जातो. माथ्यावर भिंतीपाशी मोबाइलला जेमतेम सिग्नल मिळतो, तिथून घरी फोन करतो: "किटली ठेव." आणि ठेवून देतो. मेंढवाड्यात मी असलो तरी मला ऐकू यावं म्हणून आजोबांच्या वेळची एक मोठी घंटा तिथल्या तुळईवर आहे, घरातला फोन वाजला की ती वाजते. मेंढ्यासुद्धा आता दचकत नाहीत. चहा म्हणजे चहा, हे त्यांनाही ठाऊक.

हा माझा बाप. आता तू सांग, तुझ्या त्या पत्रात तीनदा आलेला निल्स कोण?

जोस

१६ मार्च

माझी ब्रायनी,

अजून तुझा आवाज कानात आहे, म्हणून लगेच लिहितोय. तुझ्या कानामागचा तीळ दिसला. पाठीमागच्या खिडकीतून एक माणूस सायकल ढकलत गेला तोही दिसला. तू हसलीस आणि हसू तोंडाच्या हालचालीबरोबरच आलं, मागाहून नाही.

कसं जमलं ते ऐक. शनेल म्हणाली होती, भिंतीवरच्या फोनच्या खोक्याचं पुढचं झाकण काढा, आत आणखी एक भोक आहे, राउटर थेट त्यात लावा. तसं केलं की घरातली बाकीची सगळी तारांची जाळी सुटून पडते आणि नुसती बाहेरची लाइन उरते. लावला. वेग चौपट. म्हणजे खांब चांगले, गाव चांगलं, मिसेस पीअर्ट निर्दोष. दुखणं आमच्याच भिंतींत होतं.

मग एकेक तार सोडवत गेलो. बोलण्याला दोन तारा लागतात. आमच्या घरात तिसरी पण आहे. जुन्या घंटा वाजवायला ती लागायची. ती एकटीच घरभर फिरते, खिडकीखालून अंगणात निघते, आणि पार मेंढवाड्यापर्यंत ताणलेली आहे. अशी लांब एकटी तार म्हणजे एरियल. मोटरचा, दिव्यांचा, आकाशातला सगळा गोंगाट ती गोळा करते आणि तुझ्या चेहऱ्यावर आणून ओतते. मी ती चापातून उपटली. एवढंच. दोन बोटांचं काम.

हो, घंटा आता वाजणार नाही. घरातला फोन वाजतो, मेंढवाड्यातला आवाज गेला. बाबांना अजून बोललो नाही. बोललो तर म्हणतील "परत लाव", आणि मग तू पुन्हा एक डोळा मिटून थिजशील. कोकरं यायला अजून अवकाश आहे, तोवर सांगेन. तशी ती वाजते कशासाठी? चहासाठी. आणि चहाच्या वेळी मी आता घरातच थांबतो.

तू ईस्टरला येणार! प्रोफेसर तोवर थांबायला तयार आहे, समोरासमोर बसून ठरवू म्हणालीस. मी ते वाक्य तुला पुन्हा म्हणायला लावलं ते ऐकू आलं नव्हतं म्हणून नव्हे. निल्सबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो. त्याला माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस.

तुझा,
जोस

१४ एप्रिल
हॉस्पिटलमधून

ब्रायनी,

काल रविवारी मी फोन उचलला नाही. कारण हे.

गुरुवारी बर्फ पडलं. एप्रिलचं ओलं बर्फ, आमच्याकडे त्याला कोकरांचं बर्फ म्हणतात. खाली मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि वर माळावर काही उरल्या होत्या, त्या आणायला बाबा दुपारी क्वाड, म्हणजे ती चार चाकांची उघडी गाडी, घेऊन गेले. मी मेंढवाड्यात होतो. एका मेंढीच्या पोटात दोन कोकरं एकमेकांत अडकली होती, कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. एक जगलं.

वर जुन्या चरापाशी बर्फाखाली कड दिसली नाही आणि गाडी त्यांच्या अंगावर उलटली. उजवा पाय खाली. फोन खिशात होता, आणि जागा माथ्याजवळची, सिग्नल होता. त्यांनी घरी फोन केला. परत केला. करतच राहिले.

तू विचारशील, मदतीच्या नंबरवर का नाही केला? इथली सिस्टरही तेच विचारत होती, जरा चिडून. तिला कसं सांगू? डोंगरातला माणूस आधी घरी फोन करतो. बचावाची माणसं बोलावली की हेलिकॉप्टर येतं, गाव बघतं, आणि मॅथ्यू नॅट्रस स्वतःच्या माळावर स्वतःच्या गाडीखाली सापडला ही गोष्ट दर बाजाराला नातवंडांपर्यंत चालते. आणि त्यांना ठाऊक होतं की पोरगा मेंढवाड्यात आहे, डोक्यावर घंटा आहे. ती वाजतेय आणि तो येतोच आहे, एवढ्या भरवशावर ते पडून राहिले. त्यांच्या कानात फोन वाजत होता, ब्रायनी. त्यांना तो वाजताना ऐकू येत होता. शेवटी गारठ्यानं मोबाइल मेला, आणि मग कोणालाच करता येईना.

मी मेंढवाड्यात रेडिओ ऐकत होतो.

अंधारायला लागलं तेव्हा मी वर गेलो. गाडीचा दिवा बर्फातून वर आभाळाकडे लागलेला दिसला. ते शुद्धीवर होते. ओठ हलत नव्हते नीट. म्हणाले, "वाजला नाही का रे?"

मी म्हणालो, "घंटा बिघडली असेल, बाबा."

हे मी म्हणालो. त्यांच्या छातीवरचं बर्फ झटकत म्हणालो.

त्यावर ते काय म्हणाले माहीत आहे? "माझीच चूक. हिवाळ्याआधी उघडून तेल द्यायचं राहिलं."

काल सकाळी पाय गुडघ्याच्या वर कापला. लवकर आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाला. माझ्याशी नाही, मिसेस पीअर्टशी बोलत होता. ती बायको आहे असं त्याला वाटलं. तिनं ते खोडून काढलं नाही आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आमच्या मेंढ्या सध्या तीच बघते.

तू ये. ईस्टरला येणार होतीस तशी ये. मला काही ठरवायचं नाही, बोलायचंही नाही. फक्त ये.

जोस

२७ एप्रिल

ब्रायनी,

ईस्टर झाला. मी बसच्या थांब्यावर गेलो नव्हतो असं लिहिणार होतो, पण गेलो होतो.

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं. तुझी वाक्यं तुलाच परत लिहून दाखवतो, म्हणजे ती कशी दिसतात ते तुला कळेल. "आधी तुझ्या वडिलांना खरं सांग. ते स्वतःला दोष देत असताना मी त्यांच्या टेबलावर बसून जेवू शकणार नाही." आणि त्याखाली: "आणि हे माझ्यासाठी केलंस असं पुन्हा म्हणू नकोस, जोस. मी तुला कुठलीही तार काढायला सांगितली नव्हती."

नव्हती सांगितलीस. बरोबर. "तू नेहमीच गप्प असतोस" एवढंच सांगितलं होतंस.

आणि शेवटी तीन ओळींत प्रोफेसरला हो कळवल्याचं. इतकं चांगलं अक्षर मी तुझं कधी पाहिलं नव्हतं.

सांग म्हणतेस. कोणाला सांगू? त्यांना ताप आहे. नसलेल्या पायाची बोटं दुखतात म्हणून माझ्याकडून चादर सरळ करून घेतात. मी चादर सरळ करतो. त्या वेळी सांगू?

तार मी परत जोडली. हॉस्पिटलमधून आलो त्याच दिवशी. कोणी विचारलं नव्हतं. आता आमची लाइन पहिल्यासारखी आहे, तेव्हा बोलायचा प्रयत्न करू नकोस. नाहीतरी तुझ्याकडून तो होत नाहीच. आणि मला एक गोष्ट उशिरा लक्षात आली. मार्चमध्ये लाइन स्वच्छ झाली त्यानंतर चार रविवार आपण बोललो. पहिल्या रविवारी तू हसलीस. पुढचे तीन रविवार चित्र थिजलं नव्हतं, तूच थिजली होतीस. मी मात्र राउटरचे दिवे बघत होतो.

लिहू नकोस.

जोस

१८ मे
हेअर लॉ

ब्रायनी,

लिहू नकोस म्हणालो आणि तू लिहिलं नाहीस. माझं पहिल्यांदाच ऐकलंस.

बाबा घरी आलेत. स्वयंपाकघरात खिडकीशी त्यांचा पलंग लावलाय, तिथून अंगण दिसतं. परवा मला म्हणाले, मेंढवाड्यातली घंटा उतरवून आण, या वर्षी आधीच तेल देऊन ठेवू. मी म्हणालो, ती वाजते आता, मीच दुरुस्त केली. म्हणाले, "तू केलीस ते केलीस. मला बघू दे." आणली. टेबलावर जुना टॉवेल पसरून त्यांनी ती उघडली. स्क्रू बशीत ठेवले. आतलं सगळं चिंधीनं पुसलं, हातोडी बोटानं हलवून पाहिली, वाटी टकटकवली. खूप वेळ लावला. शेवटी तिच्याकडे बघत म्हणाले, "हिला काही झालेलंच नव्हतं रे. गंज नाही, काही नाही. म्हणजे तारेतच काहीतरी असणार."

ते पुढे काय शोधणार ते मला दिसलं. मांडीपासून लोंबणारी विजार दुमडून, कुबड्या घेऊन, भिंतीला धरत ते त्या तारेमागे फिरणार होते. जी सापडायची नाही ती चूक शोधत.

म्हणालो, "तार मी काढली होती, बाबा."

त्यांनी स्क्रू लावायचं थांबवलं नाही. "कधी?"

"मार्चमध्ये."

"कशाला?"

सांगितलं. तुझा चेहरा पडद्यावर थिजायचा, तो थिजू नये म्हणून. मोठ्यानं बोलल्यावर ते कसं वाटतं ते मी तुला सांगू शकत नाही. तिथे घंटा आहे, बशी आहे, त्यांची ती दुमडलेली विजार आहे, आणि मी म्हणतोय की एका मुलीचं हसू उशिरा पोचत होतं.

मी मार खायच्या तयारीत होतो. निदान शिव्यांच्या. माझी तयारी अशीच असते, तुला माहीत आहे; समोरच्यानं भांडावं म्हणजे मला भांडता येतं. त्यांनी शेवटचा स्क्रू पिळला, घंटा टॉवेलवर पालथी ठेवली, बोटं पुसली. आणि विचारलं, "मग? येतेय का ती पोरगी?"

ब्रायनी, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणा नव्हता. बाजारात मेंढा विकून आलेल्याला विचारतात ना, जमलं का, तसं विचारलं. पाय गेला तो गेला. कशासाठी गेला, ते तरी हाती लागलं का?

मी म्हणालो, "येतेय."

"कधी?"

"महिनाअखेरीला."

ते मागे टेकले. "बरं झालं," म्हणाले. "म्हणजे अगदीच वाया नाही गेलं."

एक खोटं पुसून मी त्याच टॉवेलवर दुसरं ठेवलं. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. सुचलं असतं तरी म्हणालो नसतो.

तेव्हापासून घरात काय चाललंय ते सांगतो. मिसेस पीअर्टला बोलावून त्यांनी मागची खोली साफ करून घेतली. आईची होती ती, आई गेल्यापासून तिथे लोकरीची पोती असतात. पोती मी वाहिली. गादी दोन दिवस उन्हात टाकली. मिसेस पीअर्ट मला जिन्यात अडवून म्हणाली, "खरंच येतेय का रे?" मी तिच्याकडे बघितलं नाही, तेव्हा तिला कळलं असणार, पण तिनं खाली जाऊन बाबांना सांगितलं की पडदे जुने झालेत, मी माझ्याकडचे आणते. काल आणलेसुद्धा.

तुझी अट पुरी झालीय. मी सांगितलं. त्या टेबलावर आता तू बसू शकतेस. आणि हे तुझ्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही, कधीच म्हणणार नाही. तार मी माझ्यासाठी काढली, तू जाऊ नयेस म्हणून, आणि तू जाणारच होतीस. हे मला आता कळतं. निल्सला घेऊन राहा, दोन वर्षं राहा, वीस राहा. माझ्यावर प्रेम असल्याचं दाखवू नकोस, तुला ते चांगलं जमतही नाही. माझ्याशी बोललीही नाहीस तरी चालेल. पण दोन दिवस ये. त्यांच्यासमोर बसून एक वेळ जेव. त्यांनी विचारलं तर स्वीडनमधल्या मातीचं काहीतरी सांग, त्यांना माती आवडते. तू खरी आहेस, एवढं त्यांना दिसू दे.

आज सकाळी विचारत होते, ती मटण खाते का? मी म्हणालो, नाही खात. तेव्हा एप्रिलपासून पहिल्यांदा हसले. "नॅट्रसच्या घरात येतेय आणि मटण खात नाही? बरं बाई." मग बराच वेळ विचार करून म्हणाले, अंडी तर खात असेल. विचारून ठेव.

येणार नसलीस तरी तेवढं कळव. मला त्यांना काहीतरी सांगावं लागेल.

जोस